वारेत विषाणू शिरतो, मग बाळ सुटतं कसं?

खानापूर तालुक्यातून तुम्ही विचारलेला प्रश्न वाचला. थोडक्यात तो असा: वहिनींना पाचवा महिना चालू आहे. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवताना रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला, आणि तेव्हापासून एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्राच्या गोळ्या चालू आहेत. तुम्ही बीएससीला आहात, म्हणून शोधत बसलात आणि कुठेतरी वाचलंत की वारेत, म्हणजे प्लासेंटात, ‘हॉफबाउअर’ नावाच्या पेशी असतात, त्यांच्यावर विषाणूला लागणारी सगळी दारं असतात आणि विषाणू त्यांच्यात खरोखर शिरतो. त्यावरून तीन प्रश्न: मग बाळाला लागण ठरलेलीच का? वहिनींच्या या पेशी चांगल्या की वाईट, ते तपासता येतं का? आणि त्या बळकट करायला काही औषध, काढा, आहार?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. तपासता येत नाही, आणि बळकट करायचं औषध नाही. पहिल्याचं उत्तरही ‘नाही’च आहे, पण ते का, हे सांगायला वेळ लागेल. मी बेळगाव आणि निपाणी भागात तीस वर्षं बाळंतपणं करतेय, त्यामुळे जे सांगेन त्यात निम्मं पुस्तकातलं आणि निम्मं लेबर रूममधलं असेल.

एक चूक मात्र सुरुवातीलाच दुरुस्त करते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही ‘वहिनींच्या पेशी’ म्हणताय. हॉफबाउअर पेशी वहिनींच्या नाहीत, त्या बाळाच्या आहेत. वार हा बाळाचा अवयव आहे. आईच्या अंगात नऊ महिने राहतो, आईच्या रक्तात बुडून असतो, पण रुजलेल्या गर्भातूनच तयार होतो. म्हणजे तुम्ही ज्या पेशींना घाबरताय ती बाळाची स्वतःची पहिली फळी आहे.

आता आकडे. औषध अजिबात नसेल आणि बाळ अंगावर पीत असेल, तर शंभर पॉझिटिव्ह आयांमागे साधारण १५ ते ४५ बाळांना लागण होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हेच उलटं वाचा: काहीही उपचार नसताना ५५ ते ८५ बाळं सुटतात. जी सापडतात त्यातलीही पोटात असताना सापडणारी फक्त ५ ते १०. बाकीची बाळंतपणाच्या कळांत आणि नंतर दुधातून. दिवस भरत आले की मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त आईकडून वारेत येतं आणि वारेला धुऊन परत जातं. त्यात विषाणू असतो. तरी शंभरातली नव्वद-पंचाण्णव बाळं बाळंतपणाच्या दारापर्यंत कोरडी येतात. त्यामुळे मला विचाराल तर खरा प्रश्न असा आहे की दारं उघडी असताना विषाणू आत जात का नाही, आणि कधी जातो.

वार तुम्ही पाहिली नसेल. ती पडली की आम्ही ट्रेमध्ये घेतो, पाण्याखाली धरून रक्ताच्या गुठळ्या काढतो आणि दोन्ही बाजूंनी बघतो. पुऱ्या दिवसांची वार अर्ध्या किलोच्या आसपास, जेवायच्या ताटलीएवढी, मधे दोन-अडीच सेंटीमीटर जाड. बाळाकडची बाजू निळसर, चकचकीत, नाळेपासून निघालेल्या शिरा तिच्यावर फांद्यांसारख्या पसरलेल्या. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस वाफे पाडल्यासारखी. ‘वाफे’ हा शब्द आमच्या एका जुन्या सिस्टरचा. नवीन मुलींना ती म्हणायची, वाफे मोजा, एखादा कमी भरला तर तो आत राहिलाय समजा. शेतकऱ्याच्या घरातली होती, शब्द चपखल बसलाय.

प्रत्येक वाफ्यात बारीक मुळ्यांसारखे असंख्य फाटे असतात आणि ते आईच्या रक्तात लोंबत असतात. सगळे उलगडून पसरले तर दहा-बारा चौरस मीटर भरतील, म्हणजे एका खोलीची जमीन. फाट्याच्या पोटात बाळाच्या रक्तवाहिन्या, बाहेर आईचं रक्त, आणि मधे एक अस्तर. या अस्तराचं नाव लांबलचक आहे, सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की त्याला शिवण नाही. एरवी अंगातलं कोणतंही अस्तर पेशीला पेशी चिकटवून केलेलं असतं, आणि चिकटवलेलं म्हटलं की फट आलीच. इथे लाखो पेशी विरघळून एकच सलग कापड झालेलं असतं. शिवाय एचआयव्हीला शिरायला लागणारं सीडी४ नावाचं मुख्य दार त्यावर जवळजवळ नसतंच. पहिली अडचण विषाणूला इथेच येते.

हे अस्तर ओलांडून विषाणू आत आलाच, तर पुढे त्या हॉफबाउअर पेशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरचं नाव त्यांना मिळालं. गर्भ रुजल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच त्या दिसायला लागतात. शिकत असताना पॅथॉलॉजीच्या स्लाइडवर मी त्या पहिल्यांदा पाहिल्या: फाट्याच्या सैल गाभ्यात मोठ्या, गोलसर, पोटात फेस भरल्यासारख्या, आणि केंद्रक एका कडेला सरकलेलं. मॅक्रोफेज जातीच्या पेशी या, म्हणजे दिसेल ते गिळणाऱ्या. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. त्यांच्यावर सीडी४ आहे, सीसीआर५ आहे, सीएक्ससीआर४ आहे, वर डीसी-साइन नावाचा एक हूकही आहे ज्याला विषाणू लटकतो. आणि हेही बरोबर की पॉझिटिव्ह आयांच्या वारांत, अगदी आठ आठवड्यांच्या गर्भाच्या वारेतही, या पेशींमध्ये विषाणू सापडल्याची नोंद १९९० सालापासून आहे.

पण वारेत विषाणू सापडणं आणि बाळाला लागण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारेत सापडतो आणि बाळ निरोगी निघतं, असं वारंवार दिसतं. कारण पेशीत शिरणं हे विषाणूचं अर्धं काम झालं. आत जाऊन त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात आणि त्या बाहेर सोडायच्या असतात. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पुऱ्या दिवसांच्या वारांतून या पेशी वेगळ्या काढल्या आणि मोठ्यांच्या रक्तापासून तयार केलेल्या मॅक्रोफेजशेजारी ठेवून दोन्हींवर एचआयव्ही घातला. दोन्हींत तो शिरला, पण हॉफबाउअर पेशींत त्याची वाढ बरीच कमी झाली. या पेशी मुळातच आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा ही द्रव्यं सोडत असतात. ‘शांत राहा, आग लावू नका’ असा त्या द्रव्यांचा निरोप. अर्धं बापाचं असलेलं बाळ आईच्या अंगाने नाकारू नये म्हणून वारेत ही शांतता लागतेच. एचआयव्हीचं पीक मात्र चिडलेल्या, कामाला लागलेल्या पेशीत येतं, थंड बसलेल्या पेशीत त्याला खतपाणी मिळत नाही. आत शिरलेले बरेचसे विषाणू पेशीतल्या छोट्या पिशव्यांत अडकून पडलेले दिसतात.

आपल्याकडच्यांना कळेल असं सांगायचं तर निपाणीजवळ राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका आठवा, कोविडच्या काळातला. गाडी नाक्यावर आली म्हणजे निपाणीत पोचली असं नव्हे. तिला बाजूला लावून ठेवायचे. उपमा इथपर्यंतच चालते, कारण कोगनोळीला गाडी लावली म्हणून दुसरी गाडी जन्माला येत नाही. विषाणूचं तसं नसतं. नाका झोपला किंवा गडबडीत सापडला तर अडवलेली एक गाडी हजार होऊन सुटू शकते.

नाक्याच्या आईकडच्या बाजूलाही पहारा आहे. गर्भाशयाच्या ज्या अस्तरात वार रुजते तिथे पहिल्या तीन महिन्यांत ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास ‘नॅचरल किलर’ जातीच्या असतात. नाव भयंकर, स्वभाव तसा नाही. त्यांचं रोजचं काम वारेला रक्तवाहिन्या मिळवून देण्याचं. पण फ्रान्समधल्या प्रयोगांत दिसलं की शेजारच्या मॅक्रोफेजमध्ये एचआयव्ही वाढू लागला की याच पेशी काही द्रव्यं सोडून आणि काही थेट चिकटून ती वाढ दाबतात. तिथल्या मॅक्रोफेजमध्ये एसएएमएचडी१ नावाचं प्रथिनही असतं. विषाणूला आपली प्रत काढायला जे सुटे तुकडे लागतात ते हे प्रथिन पेशीतून कमी करून टाकतं. चूल आहे, तवा आहे, पिठाचा डबा रिकामा. या पेशी वहिनींच्या, हॉफबाउअर बाळाच्या, दोघांचा पहारा एकमेकाला लागून.

आणि हे सगळं पार करून विषाणू बाळाच्या रक्तात आला, तरी तिथे त्याला आवडणाऱ्या, सीसीआर५चं दार असलेल्या अनुभवी टी पेशी थोड्या असतात. बाळाच्या बहुतेक टी पेशी कोऱ्या पाटीच्या.

हे वाचून हॉफबाउअर पेशींची आरती करू नका. याच पेशींत झिका विषाणू मजेत वाढतो, हे २०१६ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं आणि ब्राझीलमधल्या बाळांची डोकी कशी लहान राहिली ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे ही पेशी सगळ्याच विषाणूंना अडवणारी नाही. एचआयव्हीला ती जड जाते, तीही शांतता टिकली तर.

माझ्या कामाचा भाग इथून सुरू होतो. शांतता कशाने मोडते? सगळ्यात आधी, आईच्या रक्तात विषाणू किती आहे त्याने. नाक्यावर दिवसाला दहा गाड्या येणं वेगळं आणि लाख येणं वेगळं. त्यानंतर दुसरे आजार. गर्भपिशवीच्या पाण्यात आणि पडद्यांत जंतू गेले, ताप आला, पाण्याला वास आला, की आईच्या पांढऱ्या पेशी वारेवर धावून येतात, बाळाच्या पेशी चिडतात, आणि शिवण नसलेलं ते कापड जागोजागी फाटतं. सिफिलिसमध्ये वारेचे फाटे सुजतात, हॉफबाउअर पेशींची संख्या वाढते, आणि विषाणू बाळाकडे जाण्याची शक्यताही वाढते. आफ्रिकेतल्या अभ्यासात वारेत मलेरिया असलेल्या बायकांच्या मॅक्रोफेजवर सीसीआर५ची दारं जास्त दिसली. सीएमव्ही नावाचा एक घरोघरी असणारा विषाणू नाळेच्या रक्तातल्या पेशींवर हीच दारं वाढवतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. आपल्या भागात आता मलेरिया फार राहिलेला नाही. सीएमव्हीवर गरोदरपणात आपण फारसं काही करू शकत नाही. सिफिलिसचं मात्र एका रक्ततपासणीत कळतं आणि पेनिसिलिनने भागतं, म्हणून वहिनींच्या फाइलमध्ये ‘व्हीडीआरएल’ किंवा ‘आरपीआर’चा निकाल आहे का ते आजच बघा. एचआयव्ही निघाला की घरच्यांचा जीव त्याच एका कागदात अडकतो आणि सिफिलिसचा कागद कुणी उलगडतच नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता इथवरचं एका दमात: पेशी बाळाच्या, विषाणू शिरतो पण फारसा वाढत नाही, तेही शांतता असली तर, आणि शांतता मोडायची कारणं बहुतेक आईच्या रक्तातली आणि पिशवीच्या पाण्यातली. म्हणजे पेशींना हात लावायची गरजच नाही. त्यांच्यावर येणारा भार कमी करायचा.

काढ्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून जे काही विकतात त्याने या पेशी खरंच चिडल्या असत्या, तर ते आपल्याला नकोच असतं. सुदैवाने तशी ताकद बहुतेक काढ्यांत नसते. पण काही झाडपाल्याच्या औषधांनी एआरटीच्या गोळीचा रक्तातला अंश कमी होतो, म्हणून बंद. निपाणीकडच्या बायकांना मी आणखी एक सांगते, ते वहिनींनाही लागू असेल तर बघा: मशेरी. एचआयव्हीशी तिचा थेट संबंध आहे असं म्हणत नाही, पण निकोटिनने वारेच्या रक्तवाहिन्या आवळतात, बाळाचं वजन कमी भरतं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते. कमी दिवसांच्या बाळाला सगळ्याच गोष्टी जड जातात.

भार कमी करायचं खरं साधन म्हणजे ती रोजची गोळी. तिचा इतिहास थोडा सांगते, कारण त्यात वारेचाही एक धागा आहे. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या अभ्यासात नुसतं झिडोव्ह्युडिन दिलं तर लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आली. गंमत अशी की आयांच्या रक्तातला विषाणू त्या मानाने फारसा उतरला नव्हता. मग फायदा कुठून आला? औषध वार ओलांडून बाळाच्या रक्तात गेलं होतं. विषाणू येण्याआधीच बाळ तयारीत बसलं होतं. आपल्याकडे पुढे नेव्हिरापिनचे दिवस आले, कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला सिरप. ती एक गोळी एप्रनच्या खिशात घेऊन मी लेबर रूममध्ये धावलेय. १ जानेवारी २०१४ पासून देशभर धोरण बदललं: गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की लगेच तीन औषधं, आणि ती जन्मभर. हल्ली त्या एका गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर असतं. डोल्युटेग्राव्हिर वार सहज ओलांडतं, नाळेच्या रक्तात ते आईच्या रक्ताइतकं, कधी थोडं जास्तच मिळतं. म्हणजे वहिनी रात्री गोळी घेतात तेव्हा बाळालाही तिचा वाटा जातो.

किती फरक पडतो? फ्रान्समध्ये ज्या बायकांचं औषध दिवस राहण्याआधीपासून चालू होतं आणि बाळंतपणाच्या वेळी विषाणू मोजणीत येत नव्हता, अशांच्या २,६५१ बाळांत एकालाही लागण झाली नाही. ती बाळं अंगावर पीत नव्हती, हे मुद्दाम सांगते. आणि वहिनींचं औषध तिसऱ्या महिन्यात सुरू झालंय, म्हणून तो आकडा त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पाच-सहा महिने हातात असणं ही चांगली स्थिती आहे. डोल्युटेग्राव्हिर असलं की विषाणू आठवड्यांत उतरतो. सगळं अवलंबून आहे ते गोळी पोटात जाऊन अंगी लागते की नाही यावर.

‘अंगी लागते’ हा शब्द जपून वापरतेय. काही वर्षांपूर्वीची एक बाई, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. एक दिवसही गोळी चुकवली नव्हती. रिकाम्या पाकिटांचा गठ्ठाच आणून माझ्या टेबलावर ठेवला. तरी आठव्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, हजारांत. केंद्रातल्या समुपदेशकाला वाटलं खोटं बोलतेय. नवऱ्यालाही तसंच वाटलं, आणि ते जास्त वाईट झालं. मी तिला म्हटलं, सकाळी गोळ्या कशा घेतेस ते करून दाखव. तिने पदराच्या गाठीतून तीन गोळ्या काढल्या, तळहातावर ठेवल्या, एआरटीची, लोहाची लाल आणि कॅल्शियमची, आणि एका घोटात गिळल्याचा अभिनय केला. ‘शेतात जायच्या आधी घेतो बघा, उपाशीपोटीच. विसरायला नको म्हणून तिन्ही एकदम.’ उपाशीपोटी एकत्र घेतलं की लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं जात नाही. तीन गोळ्या तिला तीन खिडक्यांवरून मिळाल्या होत्या आणि तिन्हीकडे सांगितलं होतं की नेमाने घ्या. नेमाने घेतल्या होत्या की! एआरटीची रात्री झोपताना केली, लोह सकाळी, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. पुढच्या मोजणीत विषाणू दिसला नाही. बाळ अठरा महिन्यांचं होऊन निगेटिव्ह ठरलं.

म्हणून वहिनींना आधी हे विचारा. नियम असा: एआरटीची गोळी लोह-कॅल्शियमच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. एकत्र घ्यायचीच वेळ आली तर भरल्या पोटी, जेवणाबरोबर. पोटातल्या जळजळीसाठी दुकानातून आणलेल्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधालाही हेच दोन आणि सहा तास, पण त्याला जेवणाबरोबरची सवलत नाही.

सिझेरियनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच, म्हणून सांगून ठेवते. विषाणू आटोक्यात असेल तर केवळ एचआयव्हीसाठी पोट फाडायची गरज नसते. आटोक्यात नसेल तर ३८व्या आठवड्याच्या सुमाराला ठरवून सिझेरियन करावं असं काही देशांत मानतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सिझेरियन नेहमीच्या बाळंतपणाच्या कारणांसाठीच. माझं मत विचाराल तर आठव्या महिन्याचा व्हायरल लोडचा आकडा बघितल्याशिवाय मी या विषयावर बोलतच नाही. नैसर्गिक बाळंतपणात काळजी घ्यायची ती पाणमोट मुद्दाम न फोडण्याची आणि गरज नसताना टाका-चिमटा न लावण्याची. औषधं नव्हती त्या काळात पाणी जाऊन चार तासांच्या वर गेले की लागण वाढलेली दिसायची. कारण वर आलंच आहे, पाणी गेलं की जंतू वर चढतात आणि वारेची शांतता मोडते.

याच कारणाने मला एक रात्र अजून बोचते. संध्याकाळी पाणी गेलेली बाई, एका ठिकाणी कागद बघून ‘इथे सोय नाही’ म्हणाले, दुसरीकडे ‘डॉक्टर नाहीत’. आमच्याकडे आली तेव्हा पहाट झाली होती आणि अंगात ताप होता. कायदा आता स्पष्ट आहे. एचआयव्ही-एड्सचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्याखाली कुणालाही या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत. पण पहाटे तीनला कायदा दाखवत बसण्यापेक्षा कुठे जायचं ते सातव्या महिन्यातच ठरवून, तिथे एकदा नाव घालून, आशाताईंना सांगून ठेवलेलं बरं.

आपल्या सीमाभागाची एक वेगळीच अडचण असते. बाळंतपणाला माहेरी जायचं, आणि माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे. औषध कर्नाटकातल्या केंद्रात, बाळंतपण महाराष्ट्रात, आणि मधल्या महिन्यात गोळ्या संपतात. जाणार असतील तर निघायच्या आधी केंद्रात सांगा, जास्तीच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी घ्या, एआरटी केंद्राचं हिरवं पुस्तक आणि गरोदरपणाच्या नोंदींचं तायी कार्ड दोन्ही बरोबर ठेवा. (आपल्या बायका त्याला ‘ताई कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, पण ताई म्हटल्यानेही काही बिघडत नाही.) गोळीत आठ-दहा दिवसांचा खंड शेवटच्या महिन्यात पडला, तर आधीच्या पाच महिन्यांची मेहनत पातळ होते.

बाळ झाल्यावरचं थोडक्यात. नेव्हिरापिन सिरप सहा आठवडे. आईचा आकडा चढा असेल किंवा औषध उशिरा सुरू झालं असेल तर जास्त दिवस किंवा दोन औषधं, ते केंद्र ठरवेल. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं दूध, मध, गुटी काही नाही, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. मिसळून दिल्याने बाळाच्या आतड्याचं अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पीसीआर तपासणी होते, पुढेही ठरलेल्या वेळी होत राहते, आणि शेवटचा निकाल अठराव्या महिन्यात. मधेच कुणी खासगी लॅबमध्ये साधी अँटिबॉडी तपासणी केली आणि ती ‘पॉझिटिव्ह’ आली तर रडारड करू नका. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात, तिथे त्यांना हात धरून पलीकडे नेणारी खास सोयच असते. त्या आईच्या खुणा आहेत, बाळाच्या आजाराच्या नव्हेत. अठरा महिन्यांपर्यंत त्या झिजून जातात.

तुम्ही शेवटी लिहिलंत की आई वार घरी आणून परसात पुरणार आहेत आणि ते चालेल का. हा प्रश्न मला दरवर्षी चार-पाच आज्या विचारतात. दवाखान्याच्या नियमाप्रमाणे वार पिवळ्या पिशवीत जाते, मग बाई पॉझिटिव्ह असो की नसो. हे ‘असो की नसो’ आईंना नीट सांगा, नाहीतर त्यांना वाटेल वहिनींचीच वार दिली नाही, आणि शेजारणीला वाटेल का बरं दिली नाही. एका आजींना मी वाळलेल्या नाळेचा तुकडा पडेल तो पुरा म्हणून सांगितलं होतं. त्यांचं समाधान झालं.

राहिलं एक. ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड तपासतात. त्याआधी कुणी पाठवलं नाही तर आपणहून विचारा, आणि काही अडलं तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक फुकट आहे. व्हायरल लोडचा आकडा, सिफिलिसचा निकाल, आणि वहिनी तिन्ही गोळ्या किती वाजता घेतात, एवढं इथे लिहा. नाव-गाव लिहू नका. मग बाळंतपण कुठे करायचं त्यावर बोलू.